मी गाडीवर आहे!

परवा मी १० रुपयांची एक जुडी कोथिंबीर १,०१० रुपयांना आणली. महागाई किती वाढली आहे हे आम्हां बँकेतल्या माणसांना कोणी सांगायला नको. पण कोथिंबिरीने अजून एवढी मजल मारलेली नाही. त्यातले १० रुपये भाजीवालीचे होते आणि उरलेले हजार महाराष्ट्र शासनाचे.

झाले असे, की बँकेतून सुटून मी स्कूटरवर प्रतापनगरला घरी निघालो होतो. व्हेरायटी चौक ओलांडतो न ओलांडतो तोच खिशात फोन थरथरू लागला. आमच्या घरची एक पद्धत आहे. मी फोन उचलला नाही, तर पहिल्या वेळी ही चिडते, दुसऱ्या वेळी काळजी करते आणि तिसऱ्या वेळी थेट माझ्या साहेबांना फोन करते. ही तिसरी पायरी टाळण्यासाठी मी चालत्या गाडीवर फोन काढला, कान आणि खांदा यांच्या बेचक्यात दाबला, मान पंचेचाळीस अंशांत कलती केली आणि म्हणालो, "मी गाडीवर आहे!"

"ते कळलं हो. येताना कोथिंबीर आणाल. आणि जुडी उघडून पाहाल, मागच्या वेळी आतून सडकी निघाली होती."

मी जुडी उघडून पाहिली. ताजी होती. प्रकरण तिथेच संपले असे मला वाटले. चौथ्या दिवशी शंकरनगर चौकाजवळ पुन्हा खिशात थरथर झाली. फोन काढून पाहतो तो ई-चलान! गाडी चालवताना फोन वापरल्याबद्दल दंड झाल्याची बातमी मी गाडी चालवताना फोन वापरून वाचली. तिथे कॅमेरा नसावा, अशी मी गेले काही दिवस टेकडीच्या गणपतीला प्रार्थना करीत आहे.

चलानाबरोबर माझे छायाचित्र होते. इतके स्वच्छ छायाचित्र माझ्या लग्नातही कोणी काढले नव्हते. कन्येने ते मोठे करून घरात सगळ्यांना दाखवले. ही म्हणाली, "पोट किती दिसून राहिलं!" आई म्हणाली, "मान का रे अशी वाकडी? दुखते का?" आणि कन्येने विचारले, "बाबा, हा कायदा कधीपासून आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शाळा सोडली तेव्हाच इतिहासाचा हिशेब चुकता केला होता. पण हजार रुपये भरल्यावर माणसाला मालाची चौकशी करण्याचा हक्क येतो. तेव्हा आठ-दहा दिवस खपून मी या विषयाची रोजकीर्द तयार केली. इतिहासाच्या प्राध्यापकांना ती पटेलच असे नाही. पण ऑडिटला उभी राहील एवढी खात्री आहे.

पहिली नोंद १८६५ सालची. त्या वर्षी इंग्लंडात असा कायदा झाला, की रस्त्यावर यंत्राने चालणाऱ्या गाडीच्या साठ यार्ड पुढे एका माणसाने हातात लाल निशाण घेऊन पायी चालावे. गाडीचा वेग गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल. आमच्या माटे चौकातली संध्याकाळची वाहतूक हा कायदा आजही निष्ठेने पाळते, फक्त निशाणवाला तेवढा नेमायचा राहिला आहे. अशा गाडीत बसून कोणी टेलिफोनवर तासभर गप्पा मारल्या असत्या तरी कोणाचा केस वाकडा झाला नसता. पण टेलिफोनच तेव्हा नव्हता. तो अकरा वर्षांनी, १८७६ साली आला.

त्या निशाणवाल्याचे काम काय होते, याचा मी बराच विचार केला. त्याचे काम एकच, लक्ष ठेवणे. १८९६ साली कायदा सैल झाला, तो माणूस निशाण गुंडाळून घरी गेला आणि लक्ष ठेवण्याचे काम बिनपगारी चालकाच्या गळ्यात पडले. तेव्हापासून आजपर्यंतचा सगळा इतिहास हा त्या एका लक्षाची ओढाताण कोणी कोणी केली याचाच आहे.

पहिला हात रेडिओने मारला. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन नावाच्या उद्योजकाने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि मोटारीवरूनच त्याला मोटोरोला असे नाव दिले. लगेच आरडाओरडा झाला. गाणे ऐकणारा चालक रस्ता कसा पाहील? मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुइस शहरात गाडीतल्या रेडिओवर बंदी घालावी असे प्रस्ताव आले. गंमत पाहा. ज्या सेंट लुइसला गाडीतले गाणे खपत नव्हते, त्याच सेंट लुइसमध्ये १७ जून १९४६ रोजी गाडीतला टेलिफोन सुरू झाला. त्या यंत्राचे वजन ८० पौंड, म्हणजे जवळजवळ एक पोते गहू. ते मोटारीच्या डिकीत ठेवावे लागे.

म्हणजे वाचकहो, हा फिरता फोन जन्मला तोच मुळी गाडीत! आपण समजतो की बिचारा फोन घरात सुखाने नांदत होता आणि आपण त्याला गाडीवर नेऊन बिघडवले. तसे नाही. गाडी हे त्याचे माहेर. त्याला तिथून बाहेर काढले ते मोटोरोलाच्याच मार्टिन कूपर या इंजिनियरने. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून त्यांनी किलोभराहून जड असा हातातला फोन कानाला लावला, आणि पहिला फोन कोणाला केला असेल? बेल प्रयोगशाळेतल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याला. माणसाचा स्वभाव कुठेही गेले तरी सारखाच. पुढे कूपरसाहेबांनी हेही सांगून टाकले, की त्या दिवशी फोनवर बोलत बोलत त्यांनी रस्ता ओलांडला आणि आयुष्यात केलेल्या धोक्याच्या गोष्टींत तिचा नंबर बराच वरचा लागेल. मोबाइलचा पहिला दिवस आणि मोबाइलपायी रस्त्यावर जीव धोक्यात घालण्याचा पहिला दिवस एकच!

आता आपल्याकडे येऊ. रस्त्याच्या बाबतीत नागपूरकराने मान ताठ ठेवायला हरकत नाही (पंचेचाळीस अंशांत नव्हे). १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते इथे जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते अशी रस्त्यांची वर्णव्यवस्था त्यांनी ठरवली. पुढची वीस वर्षे देशाचे रस्ते ज्या आराखड्याने आखले गेले त्याचे नावच 'नागपूर योजना'. रस्ते आम्ही ठरवले. त्यावर वागावे कसे, ते ठरवायचे काम दिल्लीवर सोडले. दिल्लीने १९१४ सालचा मोटारींचा कायदा १९३९ साली बदलला, १९३९ चा १९८८ साली बदलला आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात बेफाम वेग आहे, दारू आहे. मोबाइल हा शब्द नाही. असणार कसा? त्या काळी साध्या टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

ते दिवस मला चांगले आठवतात. प्रतापनगरात आमच्या गल्लीत एकच फोन होता, चार घरे सोडून. तो नंबर पुढे 'पी.पी.' असे लिहून सगळी गल्ली आपापल्या लग्नपत्रिकांवर छापत असे. वडील कचेरीतून स्कूटरने निघाले की घरी पोचेपर्यंत पाऊण तास ते कोणाचेच नसत. त्यांना कोणी कोथिंबीर सांगू शकत नसे. उशीर झाला की आई फाटकाशी जाऊन उभी राही. कोणी विचारले तर म्हणे, "येतील." काळजी तिलाही होतीच, ती काही दगडाची नव्हती. पण तिच्या काळजीला फाटकाच्या पलीकडे जाता येत नव्हते.

३१ जुलै १९९५ रोजी ते फाटक उघडले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल फोन केला. तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आकार पडे, आणि तो आलेल्या फोनलाही! माझे प्रामाणिक मत आहे, की भारतात वाहतूक सुरक्षेचा याहून परिणामकारक कायदा कधी झालाच नाही. १६ रुपये मिनिट दराने "कोथिंबीर आणाल" म्हणायची कोणाची छाती होती? लोक खिशातला फोन वाजला की नाव पाहून तो आदराने पुन्हा खिशात ठेवीत.

हा कायदा रद्द झाला मे २००३ मध्ये. आलेला फोन फुकट झाला. त्याच सुमारास मी बँकेत चिकटलो आणि पहिल्या पगारातून फोन घेतला. फुकटची वस्तू सोडणे आम्हां वाणिज्य पदवीधरांच्या शास्त्रात बसत नाही. साहजिकच मी तो गाडीवरही उचलू लागलो. एकदा लक्ष्मीनगरच्या चौकात वाहतूक शिपायाने मला हात केला. मी थांबलो, पण बोलणे अर्धवट होते. ते पाहून तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, झालं का बोलनं? नसंन झालं तर आधी पुरं करून घ्या. मी काय, इथं उभाच आहो." मी ओशाळून फोन बंद केला. त्याने १०० रुपयांची पावती फाडली आणि वर, "आता आरामात बोलत बसा," असे सांगून मला झाडाखाली उभे केले. शासनाचा एवढा सौजन्यशील दंड मी पुन्हा कधी भरलेला नाही.

जगातले कायदेही याच सुमारास जागे होत होते. जपानने नोव्हेंबर १९९९ मध्ये चालत्या गाडीत हातातला फोन बंद केला, न्यूयॉर्क राज्याने १ नोव्हेंबर २००१ पासून, ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून. आपल्याकडे केंद्रीय नियमांत, लायसन निलंबित करण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत, पार तळाशी मोबाइलचे नाव घालण्यात आले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना बजावले, की गाडीवर फोनवर बोलणाऱ्याचे लायसन निदान तीन महिने तरी काढून घ्या. पण मूळ कायद्यात तो शब्द अजूनही नव्हता. पोलीस कधी १०० रुपयांच्या सर्वसाधारण कलमात माणूस बसवीत, कधी 'धोकादायक रीतीने वाहन चालवणे' या कलमात. चलनात नसलेल्या नोटेसारखी ही स्थिती. सगळ्यांना ती ओळखू येते, पण खात्यात जमा करता येत नाही.

मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयात ही नोट वटवायला गेली आणि परत आली. एका गृहस्थावर तिथल्या पोलीस कायद्याखाली खटला झाला होता, गुन्हा काय तर गाडी चालवताना फोनवर बोलणे. न्यायमूर्तींनी सांगितले, की नुसते बोलणे हा गुन्हा आहे असे म्हणणारा कायदा दाखवा. त्याने लोकांच्या जिवाला धोका केला असेल तर तसे सिद्ध करा. बोलला म्हणजे धोका झालाच असे धरून चालता येणार नाही. गृहस्थ सुटले. बँकेत आम्ही हेच म्हणतो. साहेब, तुमचे म्हणणे खरे आहे, पण कागद कुठे आहे?

कागद आला २०१९ साली, आणि आणला तो आमच्या नागपूरच्याच माणसाने. नितीन गडकरी हे नागपूरचे खासदार आणि केंद्रात रस्ते वाहतूक मंत्री. त्यांनी मोटार कायद्याची दुरुस्ती संसदेत मंजूर करून घेतली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ती अमलात आली. धोकादायक वाहन चालवण्याच्या १८४ व्या कलमात आता स्पष्ट शब्द बसला. हातात धरायची संपर्काची साधने वापरणे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर १०,००० रुपये, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. देशभर हाहाकार झाला. लोक गाडीच्या किमतीत आणि दंडात तुलना करू लागले. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. महाराष्ट्राने दंड फार आहेत, फेरविचार करावा असे केंद्राला कळवून अंमलबजावणी तूर्त थांबवली. कायदा करणारे मंत्री नागपूरचे आणि थांबवणाऱ्या राज्याचे मुख्यमंत्रीही नागपूरचे. हा समतोल फक्त आमच्याच गावाला साधतो. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने आपले दरपत्रक काढले. फोनवर बोलताना सापडल्यास दुचाकीला १,००० आणि चारचाकीला २,००० रुपये. माझ्या कोथिंबिरीचा भाव तेव्हाच ठरून गेला होता; जुडी तेवढी नंतर उगवली.

इथे माझी रोजकीर्द संपायला हवी होती. पण बेरीज करायला बसलो आणि ताळा जुळेना.

'हातात धरायची' हे शब्द पुन्हा वाचा. आमच्या गल्लीतला एक मुलगा फोन हेल्मेटच्या आत, गालाला चिकटवून कोंबतो आणि खामल्यापासून हिंगण्यापर्यंत बोलत जातो. मुली तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यात तो खोचतात. फोन हातात कुठे आहे? माझासुद्धा हातात नव्हता, खांद्यावर होता. ही पळवाट मी आमच्या बँकेच्या वकिलांपुढे मांडली, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि हजार रुपये भरून टाका म्हणाले. ब्रिटनमध्ये मात्र असे एक प्रकरण खरोखर टिकले. एका चालकाने गाडी चालवता चालवता रस्त्यावरच्या अपघाताचे चित्रण केले. २०१९ साली तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्यात बंदी आहे ती फोनने संपर्क साधायला, कॅमेरा म्हणून वापरायला नाही. तो सुटला, आणि कायद्याला पुन्हा कात्री-सुई घेऊन बसावे लागले. २५ मार्च २०२२ पासून तिथे हातातल्या फोनचा जवळजवळ कसलाही वापर बंद झाला. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून नियम असा, की रस्ता पाहण्यापुरता फोन वापरता येईल, पण चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये. लक्ष! दीडशे वर्षांनी तो निशाणवाला कायद्यात परत आला म्हणायचा.

आणि विज्ञानाने तर हा हिशेब कायद्याच्याही आधी केला होता. १९९७ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी टोरांटोच्या ६९९ चालकांची, अपघाताच्या वेळेची आणि त्यांच्या फोनच्या बिलांची सांगड घातली. बिलांवरून संशोधन करणारे लोक मला एकदम आपले वाटले. निष्कर्ष असा, की फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका चौपट होतो, आणि फोन हातात न धरता बोलले तरी त्यात फरक आढळत नाही. म्हणजे हात मोकळे केले, तरी डोके गहाणच. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक आला की बोलता बोलता थांबतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो कोथिंबीर सांगतच राहतो.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी मोबाइलच्या वापरामुळे ३,३९५, असे सरकारी अहवाल सांगतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला असा आकडा पाहिला की पहिली शंका येते ती नोंदीची. ही नोंद करतो कोण? पडलेला माणूस सांगत नाही. पलीकडचा माणूस तर मुळीच सांगत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ कॅशियर होते; त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. त्या दिवशी व्हाउचरांची बेरीज जुळत नव्हती. ५०० रुपयांचा फरक. काका रोख मोजून, तिजोरीला किल्ली लावून नुकतेच निघाले होते. रेनकोट चढवून त्यांनी गाडीला किक मारली ते मी खिडकीतून पाहिले होते. एका व्हाउचरावरचे अक्षर त्यांचे वाटत होते. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काकांचा आवाज आला, "अरे, मी गाडीवर आहे, बोल लवकर..." मी म्हणालो, "काका, ते पाचशेचं..." आणि मग एक आवाज झाला. तो कसा होता हे मला आजवर कोणाला नीट सांगता आलेले नाही. नंतर फक्त पाऊस ऐकू येत होता. थोड्या वेळाने कोणीतरी फोन उचलून म्हणाले, "भाऊ, तुमचा मानूस पडला हो इथं. छत्रपती चौकाच्या अलीकडं. या जी लवकर."

काका वाचले. मांडीचे हाड मोडले, सळई घातली, साडेतीन महिने घरी होते. आजही जिना चढताना उजवा पाय मागून येतो. आणि तो फरक? ४,९५० चा आकडा मी ५,४५० असा चढवला होता. व्हाउचर काकांचे नव्हतेच. चूक सगळी माझी.

रजेच्या अर्जावर काकांनी अपघाताचे कारण लिहिले, 'पावसात दुचाकी घसरून.' तो अर्ज साहेबांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवला. कोणी मला काही विचारले नाही. काकांनीही नाही. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "फरक सापडला का रे?" मी म्हणालो, "सापडला." ते म्हणाले, "बरं झालं." कुठे सापडला हे मी त्यांना सांगितले नाही. हे छापून आल्यावर ते वाचतील.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला पहिल्या तासाला शिकवतात ती गोष्ट म्हणजे दुहेरी नोंद. एकाच्या नावे टाकले की दुसरीकडे जमा करावेच लागते. एका बाजूच्या नोंदीने कधी ताळेबंद जुळत नाही. फोन हा तर उघड उघड दोन खात्यांचा व्यवहार. आणि १८६५ पासून २०२१ पर्यंतची सगळी कलमे चाळून पाहिली तर नोंद आपली एकाच बाजूला. फोन घेणाऱ्याच्या नावे. फोन करणाऱ्याचे खातेच उघडलेले नाही.

म्हणजे अगदीच नाही असेही नाही. शोधता शोधता एक ठिकाण सापडले. अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात २००९ साली एक तरुण गाडी चालवताना फोनवरचे संदेश पाहत होता. त्याने मोटारसायकलवरच्या नवरा-बायकोला उडवले. दोघांचाही एकेक पाय गेला. त्यांनी दावा लावला तो चालकावर, आणि संदेश पाठवणाऱ्या त्याच्या मैत्रिणीवरही. २०१३ साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले, की समोरचा माणूस आत्ता गाडी चालवतो आहे आणि तो चालवतानाच संदेश वाचील, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते. ती मुलगी पुराव्याअभावी सुटली. तिला हे ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही.

मी खिडकीतून पाहिले होते.

हे सगळे मी एका रविवारी दुपारी घरात वाचून दाखवले. काकांचे प्रकरण हिलाही पुरते ठाऊक नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते चलान माझ्या नावावर यायला पाहिजे होतं म्हणा." मी म्हटले, "अर्धं." कन्येने तिथल्या तिथे फोनवरून हजार रुपये भरून टाकले. शासनाची पावती माझ्या एकट्याच्या नावाने आली. पण हिने संध्याकाळी निमूटपणे पाचशेची एक नोट माझ्या टेबलावर आणून ठेवली. पाचशेच रुपये. मी ती अजून खर्च केलेली नाही.

आता आमच्या घरात नियम झाला आहे. मी निघताना एक फोन करतो, "निघालो." मग पोचेपर्यंत फोन गाडीच्या डिकीत. कोथिंबीर, कढीपत्ता, जे काय सांगायचे ते 'निघालो' म्हणताना सांगून घ्यायचे. नंतर आठवले तर उद्या. गेल्या आठवड्यात दोनदा कोथिंबिरीवाचून वरण झाले. कोणाचे काही बिघडले नाही. बँकेतही मी एक गोष्ट करतो. फरक निघाला आणि संबंधित माणूस वाटेत असला, की तासभर थांबतो. तासाभरात बहुतेक वेळा फरक आपल्याच खात्यात सापडतो.

नियम अजून नवा आहे. परवा मला पाऊण तास उशीर झाला. घरी आल्यावर कन्येने सांगितले, की हिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा आतून आईचा आवाज आला.

"येतील गं," ती म्हणाली, आणि उठून फाटकाशी जाऊन उभी राहिली.